दिसतंय तेवढ्यात थांबता येतंय का?

सुरुवातीलाच एक विनंती. कानात इअरफोन घालून गाडीवर हा एपिसोड ऐकत असाल, तर आत्ता पॉज करा आणि घरी पोचल्यावर ऐका. मागे एकाने मेसेज केला होता, "दादा, तुझे एपिसोड मी रोज कॉलेजला जाताना स्कूटरवर ऐकतो." वाचून आधी बरं वाटलं आणि मग पोटात गोळाच आला. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित आवृत्ती, माझं पाल्हाळ थोडं कापून.

आजचा विषय आमच्या घरातून आलाय. माझी धाकटी बहीण यंदा अठरा पूर्ण झाली. तिने घरी बसून ऑनलाइन टेस्ट दिली, लर्निंग लायसन्स काढलं आणि त्याच संध्याकाळी आईचा मला पुण्यात फोन: "हिला गाडी तूच शिकव. बाबा शिकवायला लागले की पाच मिनिटांत दोघांचं भांडण होतं." मी म्हटलं ठीक आहे, शनिवार-रविवार साताऱ्याला येतो. फोन ठेवला आणि लक्षात आलं, मला गाडी 'चालवता' येते, पण शिकवायचं काय ते मला माहीतच नाही. कारण मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मला कसं शिकवलं ते सांगतो. दहावीची सुट्टी, गोडोलीत एक मोकळा प्लॉट, मामाची स्कूटर. मामाने सांगितलं, "ही रेस, हा ब्रेक, पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील." झालं शिक्षण. तिसऱ्या दिवशी मी पोवई नाक्यावर होतो. वय पंधरा. पुढे अठराव्या वर्षी आरटीओत गेलो, पाय न टेकवता आठ काढून दाखवला आणि पास झालो.

या पंधरा आणि अठराच्या मध्ये एक गोष्ट घडली. ती आजवर इथे सांगितलेली नाही.

बारावीचं वर्ष, ऑगस्ट महिना. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र कासला गेलो होतो. येताना यवतेश्वरच्या घाटात मी गाडी चालवत होतो, तो मागे बसलेला. पाऊस भुरभुर. वेग पन्नासच्या आसपास. म्हणजे आम्ही काही गाडी हाणत नव्हतो, रेस लावली नव्हती, कुणाला कट मारला नव्हता. एक वळण घेतलं आणि समोर एक आजोबा, त्यांच्या दोन म्हशी. म्हशी रस्त्याच्या मधोमध, निवांत. मी कचकन ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं आणि आम्ही दोघं आडवे. मला खरचटलं. त्याचं कोपर मोडलं, प्लेट घालावी लागली, आणि तो हात नंतर पूर्ण सरळ झालाच नाही. त्याला फौजेत जायचं होतं. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत असतो हे तुम्हाला माहीत असेल. तो रोज पहाटे पळायचा. मेडिकलला त्या कोपरावर बाहेर पडला. आज त्याचं दुकान आहे, बरं चाललंय, आमची मैत्रीही आहे. पण दिवाळीत गावी आलेल्या फौजी मित्रांमध्ये आम्ही बसतो तेव्हा तो लवकर उठून जातो. का, ते आम्ही दोघंही बोलत नाही.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होतो की म्हशी अचानक आल्या, माझं नशीब खराब. बहिणीला शिकवायच्या निमित्ताने मी पहिल्यांदा कागद-पेन घेऊन त्या वळणाचं गणित मांडलं. अकरावीचं फिजिक्स आहे, घाबरू नका.

गाडी थांबायला दोन टप्पे लागतात. पहिला टप्पा: डोळ्याला दिसतं, मेंदूला कळतं, हात ब्रेकवर जातो. याला साधारण दीड सेकंद धरा. या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पळतच असते. दुसरा टप्पा: ब्रेक लागल्यापासून चाक थांबेपर्यंत. कोरड्या डांबरी रस्त्यावर नवशिक्याच्या हातून वेग सेकंदाला ताशी १८ किलोमीटरने कमी होतो असं धरू. सराईत माणूस याहून चांगला ब्रेक मारेल, पण आपण सराईत माणसाबद्दल बोलतच नाहीये.

आता आकडे. ताशी ४० च्या वेगाला पहिल्या टप्प्यात जवळपास १७ मीटर, दुसऱ्यात १२. एकूण २९. ताशी ६० ला पहिल्यात २५, दुसऱ्यात २८, एकूण ५३. वेग दीडपट आणि अंतर जवळजवळ दुप्पट. कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट केला तर ब्रेकला चौपट रस्ता लागतो.

पण मला झोप उडवणारा आकडा वेगळाच सापडला. समजा, तुमच्यापुढे २९ मीटरवर एक पोरगं चेंडूमागे रस्त्यात आलं. तुम्ही ४० ने जात असाल, तर त्याच्यासमोर येऊन थांबाल. दोघंही घाबराल, शिव्या द्याल, घरी जाल. तुम्ही ५० ने जात असाल, तर त्याच जागी तुमची गाडी अजून ३८ च्या वेगात असेल. आणि ६० ने जात असाल, तर तिथे तुमचा वेग असेल ५५. म्हणजे ब्रेक लागायला जेमतेम सुरुवात झालेली असते. 'मी ब्रेक मारला होता हो' असं सगळेच सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

आता यवतेश्वर. ओला रस्ता, म्हणून ब्रेकचा जोर कमी, सेकंदाला ताशी ११ किलोमीटर धरू. वेग ५०. थांबायला लागतात ५२ मीटर. गेल्या महिन्यात मी मुद्दाम त्या वळणावर जाऊन उभा राहिलो आणि पावलांनी मोजलं. वळणाआधी पुढचं दिसतं फार तर ३० मीटर. म्हणजे म्हशी दिसल्या त्या क्षणी काय होणार ते ठरलेलं होतं. माझ्याजागी रेसिंगचा चॅम्पियन असता तरी फार फरक पडला नसता. त्या ३० मीटरमध्ये ओल्या रस्त्यावर थांबायचं असेल तर वेग लागतो ताशी ३५. पन्नास आणि पस्तीस. घाटाच्या त्या तुकड्यात माझे किती सेकंद वाचले असतील? दोन? तीन?

तर मी बहिणीसाठी एकच नियम काढला: जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

पहिले तीन रविवार आम्ही त्याच गोडोलीच्या बाजूला एका मोकळ्या रस्त्यावर फक्त थांबायचा सराव केला. लोकांना वाटतं गाडी शिकणं म्हणजे बॅलन्स आणि रेस. चालवणं एका दिवसात येतं, थांबणं येत नाही. खडूने रेष मारली. २० च्या वेगाने ये, रेषेवर ब्रेक दाब, गाडी थांबली की खाली उतर आणि पावलं मोज. सहा पावलं. मग हळूहळू वेग वाढवत, तिसऱ्या रविवारी ४० ने. तिला वाटलं बारा होतील. तेवीस झाली. तिने दोनदा मोजली. वर्गाचं सूत्र फळ्यावर लिहून जे डोक्यात शिरत नाही ते असं पायात शिरतं. तुम्ही शिकवत असाल तर हे नक्की करा, हेल्मेट घालून आणि रस्ता रिकामा बघून.

इथे मामाच्या 'पुढचा ब्रेक दाबू नकोस'बद्दल दोन शब्द. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मामाने हे सांगितलेलं असतं आणि ते अर्धंच खरं आहे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून रस्ता घट्ट धरायची ताकदही पुढच्या चाकात जास्त असते. नुसता मागचा दाबला की चाक जागेवर अडकून घसरतं, आमचं झालं तसं. दोन्ही ब्रेक एकत्र, आधी हलके, मग दाब वाढवत, आणि गाडी सरळ असताना. वळणात किंवा वाळूवर पुढचा कचकन दाबला तर मात्र मामा बरोबर ठरतो. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना किमान सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही आपोआप लागतो. घरातली गाडी त्याआधीची असेल तर तिला हे नसण्याची शक्यता मोठी. शिकण्याआधी आपली गाडी कोणती ते बघा.

चौथ्या रविवारी रस्त्यावर आलो, मी मागे. आणि इथे मला कळलं की खरं शिक्षण डोळ्यांचं आहे. ब्रिटनमध्ये लायसन्सच्या लेखी परीक्षेसोबत २००२ पासून आणखी एक चाचणी असते. रस्त्यावरच्या १४ छोट्या क्लिप दाखवतात, आणि धोका आकार घ्यायला लागल्याबरोबर क्लिक करायचं. लवकर ओळखला तर जास्त मार्क. म्हणजे 'धोका दिसला का' एवढंच नाही, तर 'होण्याआधी ओळखता आला का' हे तपासतात. आपण आठ काढतो. आठ काढणं वाईट नाही, पण म्हैस आठच्या बाहेर उभी असते.

मी बहिणीला सांगितलं, गाडी चालवताना जे दिसतंय आणि त्यातून जे होऊ शकतं ते मोठ्याने बोलत राहा. पहिल्या दिवशी ती म्हणत होती, "रिक्षा आहे. कार आहे. माणूस आहे." नुसती यादी. दोन आठवड्यांनी तीच बोलत होती: "रिक्षा रिकामी आहे, पुढे बाई हात करतेय, म्हणजे हा डावीकडे घेऊन थांबणार." "उभ्या कारमध्ये माणूस बसलाय, दार उघडेल, थोडी बाहेरून जाते." "एसटी थांबलीय, पुढून कुणीतरी पळत येईल." आणि खरंच एक काकू एसटीच्या पुढून बाहेर आल्या, हातात दोन पिशव्या. ही आधीच वीसवर आलेली. काकूंना कळलंही नाही काही घडलं ते. ही मागे वळून माझ्याकडे बघायला लागली तर मी ओरडलो, "पुढे बघ!"

नियम तोच आहे बघा. एसटीच्या पलीकडचा रस्ता दिसत नाही, म्हणजे दिसणारं अंतर तिथे संपलं, म्हणजे वेग त्या हिशोबाने.

हाच नियम रात्री सगळ्यात जास्त मोडला जातो. रात्री दिसणारं अंतर म्हणजे हेडलाइट पोचतो तेवढं, आणि समोरून कुणी अप्पर मारत आला की तेही नाही. आमच्या पट्ट्यात दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात आणि रस्त्यावर ऊस येतो. ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. पंक्चर झाली की ट्रॉली रस्त्याच्या कडेला, अंधारात, तशीच उभी. चूक ट्रॉलीवाल्याची आहे यात वाद नाही आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण रात्री नऊ वाजता ताशी सत्तरने तिच्यावर आदळल्यावर चूक कुणाची हे ठरवायला आपण शिल्लक राहू का, एवढाच माझा प्रश्न आहे. बहिणीला मी पहिलं वर्ष अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी नको म्हणून सांगितलंय. ती चिडली. चिडू दे.

आता दीड सेकंदाकडे या. हा आकडा रस्त्याकडे बघत असलेल्या माणसाचा आहे. मोबाइलवर मेसेज वाचायला पाच सेकंद लागतात असं धरा. ४० च्या वेगाने पाच सेकंदांत गाडी ५५ मीटर जाते. कबड्डीच्या चार मैदानांहून जास्त अंतर, डोळे मिटून. गूगल मॅप लावायचं असेल तर निघण्याआधी लावा, चुकलात तर कडेला थांबा. चुकलेलं वळण परत घेता येतं.

दीड सेकंद खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे आपले मित्र. हे ऐकायला कसंतरी वाटेल, मलाही वाटलं. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवायचा एक साधा व्हिडिओ गेम, सिग्नल पिवळा झाल्यावर किती पुढे जायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. किशोरवयीन मुलं एकटी असताना आणि मोठी माणसं एकटी असताना फार वेगळी खेळली नाहीत. पण बाजूला दोस्त बसवले की मुलांनी घेतलेला धोका एकदम वाढला. मोठ्यांचा जवळजवळ तेवढाच राहिला. म्हणजे पोरांना अक्कल नसते असं नाही. एकटं असताना असते. चारचौघांत ती थोडी बाजूला सरकते.

न्यूझीलंडने १९८७ पासून लायसन्स टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. मधल्या टप्प्यात रात्री उशिरा गाडी नाही आणि सोबत मित्रांना बसवायचं नाही. अमेरिकेतल्या राज्यांनीही नंतर अशाच पद्धती आणल्या. आपल्याकडे अशी पायरी नाही, पण एक छोटा नियम आहे जो कुणी वाचत नाही: लर्निंग लायसन्सवर टू-व्हीलर चालवताना मागे फक्त शिकवणारा बसू शकतो, आणि त्याच्याकडे लायसन्स हवं. मैत्रिणीला डबलसीट क्लासला सोडणं त्यात बसत नाही. ट्रिपलसीट तर सोडाच.

मी घाटात एकटा असतो तर पन्नासने उतरलो असतो का? मला खरंच वाटतं, नसतो. त्याने मला 'हाण' म्हटलं नव्हतं. तो फक्त मागे होता, आणि मला भित्रा दिसायचं नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण मेसेजमध्ये नेहमी विचारता. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. लूनाच्या जमान्यातला नियम आहे तो. आज दारात उभी असते ती ११० सीसीची स्कूटर, ती अठराच्या आत चालत नाही. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ च्या वर न जाणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स लागत नाही, पण डोकं तेच असतं, हेल्मेट घाला. आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार, २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

हे कलम बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते मे २०२४ मध्ये, पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने मोटारसायकल उडवली तेव्हा. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. गेलेले दोघंही चोवीस वर्षांचे, आयटीतले, माझ्यासारखेच दुसऱ्या गावाहून पुण्यात आलेले. तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळा देश बोलला. मीही तावातावाने बोललो, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. बोलता बोलता मध्येच गप्प झालो. सतराव्या वर्षी, लायसन्स नसताना, दुसऱ्याच्या मुलाला मागे बसवून मीही गाडी चालवलीच होती. माझ्याकडे पोर्शे नव्हती आणि मी प्यायलो नव्हतो, एवढाच फरक. आमच्या घरी त्या दिवशी पोलीस आले नाहीत. मित्राच्या वडिलांनी बाबांना सांगितलं, "पोरं आहेत, होतं." ते असं का म्हणाले असतील याचा मी अजून विचार करतो.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. आणि मोडलेली कोपरं या आकड्यात येत नाहीत.

बरं, एपिसोड रेकॉर्ड करण्याआधी मी मित्राला फोन केला, तुझी गोष्ट सांगू का म्हणून. तो हसला. म्हणाला, "सांग की. नाव नको घेऊ, गिऱ्हाइकं विचारत बसतील." मग म्हणाला, "बहिणीला शिकवतोयस ना, पुढच्या रविवारी दुकान बंद असतं, मी पण येतो. तुला कुठे येतं शिकवायला?"

तर तो येतोय. बहिणीला सांगितलंय की आता यवतेश्वरचा घाट, खाली उतरताना, प्रत्येक वळणाआधी मोठ्याने सांगायचं किती दिसतंय ते. मी मागे बसणार, तो त्याच्या गाडीवर मागून येणार. कसं झालं ते पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या गावातलं असं एखादं वळण असेल जिथे पुढचं दिसत नाही, तर त्याबद्दल व्हॉइस नोट पाठवा. गाडी उभी करून.